माझी मूळ चाल

उजवा गुडघा बदलून घरी आलो तेव्हा माझी समजूत अशी, की कष्टाचं काम सर्जननं उरकलेलं आहे, आता आपण नुसतं बरं व्हायचं. आंब्याला पिकायला काही करावं लागत नाही, आढीत पडून राहिलं की झालं, तसं. मी आढीच्या तयारीनं पलंगाशेजारी वर्तमानपत्रं, रेडिओ आणि चकल्यांचा डबा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. तिनं आधी तो डबा उचलला, समोरच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "पाहिजे असेल तेव्हा उठून घ्या, सार."

मुलगी मदुरैची. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान, आवाज गोड, हात लोहाराचे. ती गुडघा वाकवायला लागली की मी ओरडायचो आणि मी ओरडलो की ती "व्हेरी गुड" म्हणायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढ्या वेळा व्हेरी गुड कुणी म्हटलं नव्हतं, तरी आनंद म्हणून झाला नाही.

घरात माझी बाजू घेणारं कुणी नव्हतं. माझी बायको तंजावरी मराठी. तिचे पूर्वज कधीकाळी राजेलोकांबरोबर तंजावरला आले आणि परत जायचं विसरले. मी नोकरीसाठी सोलापूरहून मद्रासला आलो, तिच्याशी लग्न केलं आणि मीही परत जायचं विसरलो. तिचं मराठी मला अजून पोथीतून आल्यासारखं वाटतं आणि माझं तिला आकाशवाणीवरून. मी ओरडत असताना ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "थोडकें हळू ओरडा कीं. खालीं मामी निजल्यात."

खाली मामी, म्हणजे आमच्या घरमालकीण. पश्चिम मांबलमच्या आमच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे, खाली त्या, वर आम्ही. वय झालेलं, कंबर ताठ, जीभ त्याहून ताठ. पहाटे उठून फाटकासमोर पाणी मारायचं आणि तांदळाच्या पिठाचा कोलम घालायचा, यात त्यांचा एक दिवस चुकलेला मला माहीत नाही. कोलम म्हणजे इथली रांगोळी. आधी ठिपके, मग त्या ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच रेघ, सुरू कुठं झाली आणि संपली कुठं ते कळत नाही.

आता माझी अक्कल बघा. ऑपरेशनला मी महिना निवडला तो मार्गळीच्या तोंडावरचा. मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा इथला महिना. एरवी पाटाएवढे असणारे कोलम या महिन्यात सतरंजीएवढे होतात. गल्लीतल्या बायकांची न बोलता चाललेली स्पर्धाच असते, आणि सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा म्हणून राहत नाही. नेमकं त्याच वेळी मला सांगण्यात आलं, की आता रोज सकाळी खाली उतरून रस्त्यावर चालायचं.

सोलापूरला लहानपणी रांगोळीवर पाय पडला की पाठीत धपाटा बसायचा. तो धपाटा अजून माझ्या पाठीत आहे. त्यामुळे इतकी वर्षं मी मामींच्या फाटकातून बाहेर पडताना भिंत आणि स्कूटर यांच्या फटीतून अंग चोरून, कडेकडेनं जायचो. आता हातात काठी, पायाला सूज. फटीत मी मावेना. तेव्हा पहिल्या दिवशी मनातल्या मनात क्षमा मागून कोलमच्या जरा विरळ भागातून पाय टाकला. टाकला कसला, ओढला. गुडघा पुरेसा वाकत नसला की पाऊल उचललं जात नाही, बोटं जमिनीला घासत येतात. मागं वळून पाहिलं तर त्या सुंदर वळणांच्या मधोमध एक लांबच लांब फराटा.

मामी दारात कॉफीचा पेला घेऊन उभ्या. त्यांनी फराट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "अय्यो, इथून साप गेला का?"

बायको वरून, गॅलरीतून हसली. मी ऐकलं.

अपमान झाला की माझं डोकं फार वेगानं चालतं, आणि नेमकं तेव्हाच ते चालू नये. दुसऱ्या दिवशी मी नवी युक्ती काढली. गुडघा वाकत नाही ना? मग वाकवायचाच कशाला? पाय सरळ काठीसारखा ठेवायचा, कंबर जरा वर उचलायची आणि अख्खा पाय बाहेरून, विळा फिरवावा तसा फिरवून पुढं आणून टेकवायचा. कंपासनं अर्धं वर्तुळ काढावं तसं. पाय कोलमवरून अधांतरी गेला आणि पलीकडे टेकला. पिठाचा कणसुद्धा हलला नाही. मामींनी मान डोलावली. मला वाटलं, कौतुकानं.

मग काय विचारता. फाटकाचा कोलम ओलांडला, शेजारच्यांचा ओलांडला, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या घरासमोर मोर काढला होता, तो पिसाऱ्यासकट ओलांडला. गल्लीभर विळा चालवत सुटलो. थोड्याच दिवसांत इतका सराव झाला की जिथं कोलम नसायचा तिथंही पाय आपोआप फिरायचा. घरात, न्हाणीघरात, देवघरासमोर. एकदा फिरता फिरता तुळशीच्या कुंडीला लागला, पण प्रगतीच्या वाटेवर असं काही व्हायचंच.

फिजिओथेरपीवाली मधल्या काळात आजारी आईसाठी गावी गेली होती. ती आल्यावर मी मोठ्या थाटात म्हटलं, "बघ." आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी न घेता चालून दाखवलं.

ती खुर्चीवर बसली. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझं मीच," मी नम्रपणे म्हणालो.

"सार, तुमचा गुडघा वाकतो. मी वाकवते, मला माहीत आहे. तुम्ही चालताना त्याला रजा देताय आणि कंबरेकडून ओव्हरटाइम करून घेताय." मग ती गंभीर झाली. हाड ठीक, आतला धातू ठीक, टाके ठीक. आता उरली ती फक्त सवय. पण ही सवय आत्ता मोडली नाही तर ती मुरेल, आणि मुरली की निघणार नाही. मग कंबर दुखेल, मग धडधाकट असलेला डावा गुडघा झिजेल. "आणि मग त्याच टेबलावर परत," ती म्हणाली. या वेळी व्हेरी गुड नव्हतं.

मी माणसासारखा चालणार की उरलेलं आयुष्य गवत कापत फिरणार, हे आता येत्या काही आठवड्यांत ठरायचं होतं. आणि ठरवणार कोण, तर मी. घरातले महत्त्वाचे निर्णय माझ्यावर सोडत नाहीत ते उगाच नाही.

सुरू झाली शिकवणी. वेष्टी, म्हणजे इथली पांढरी लुंगी, बंद, कारण वेष्टीत गुडघा दिसत नाही. अर्धी चड्डी आणली गेली. कपाटाच्या आरशासमोर मी, आणि मागून आज्ञा. टाच आधी. मग तळवा. मग बोटांनी ढकला. ढकलताना गुडघा वाकवा. वाकवा म्हणजे मांडी उचला असं नाही. खांदे सैल. खाली बघू नका. हात हलू द्या. हात हलू दिले तर उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढं. तो दुरुस्त करेपर्यंत टाच विसरली. टाच सापडली तोवर श्वास घ्यायचा राहिला. मूल वर्षाचं असताना ही गोष्ट कुणी न शिकवता करतं आणि वर टाळ्या मिळवतं. मी करत होतो तर बायको म्हणाली, "बाहेर नको कीं असें चालूं. दृष्ट लागेल." तिच्या तोंडावरची रेषही हलली नव्हती.

आणि माझं टाळकं सटकलं. आरशातला तो चड्डीतला माणूस, एकेक पाऊल नियम पाळत टाकणारा, तो मी नव्हतो. मी फिजिओथेरपीवालीला सुनावलं, "ही माझी चाल नाही. तू मला भलत्याच कुणाची तरी चाल शिकवते आहेस. मला माझी मूळ चाल परत पाहिजे. ताठ पाठ, लांब टांगा. ऑफिसात मी कॉरिडॉरमधून येताना दिसलो की लोक फायली उघडून बसायचे."

"व्हिडिओ आहे?" तिनं शांतपणे विचारलं. "तुमची मूळ चाल दिसली तर मलाही मदत होईल."

होता. मेव्हण्याच्या मुलाची मुंज एग्मोरच्या एका हॉलमध्ये झाली होती, त्याचं चित्रण मेव्हण्यानं पाठवलं. ते टीव्हीवर लावलं. फिजिओथेरपीवाली, बायको, आणि टीव्ही लागलाय म्हणून वर आलेल्या मामी, अशा तिघी सोफ्यावर. मी बाजूला उभा, हातात रिमोट, एखाद्या शास्त्रज्ञासारखा.

ताटं घेऊन चाललेली माणसं दिसली. पाठमोरा एक गृहस्थ, रेशमी वेष्टी, पाठ अशी की पट्टी लावून बघावी. पाऊल डौलदार. "हा बघा!" मी ओरडलो. "ही ती चाल! टाच बघ, टाच!"

"ते तुम्ही नव्हे," बायको म्हणाली. "ते मुलाचे आजोबा, आईकडचे. तुम्ही मागें आहांत. केळ्यांचं ताट."

मागं मी होतो. शर्टावरून ओळखलं. दोन्ही पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले, एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन कंसांसारखे. मधून एखादं मांजर शेपटी वर करून गेलं असतं. प्रत्येक पावलाला अंग या बाजूला, मग त्या बाजूला. ताटातल्या केळ्यांचा घड डुलतोय. मी चालत नव्हतो, वल्हवत होतो. दोन्हीकडचे पाहुणे पटापट बाजूला सरकत होते. त्या दिवशी मला वाटलं होतं, मानानं वाट देतायत.

फिजिओथेरपीवालीनं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि मागं नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. "सार," ती ओठ दाबून म्हणाली, "ही मूळ चाल?"

"भरलेली होडी," मामी म्हणाल्या. मामींचे वडील मद्रास बंदराच्या कचेरीत होते, त्यांनी होड्या पाहिल्या होत्या.

दोघी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "हे असं कधीपासून होतं?"

"बघायला आलांत तेव्हां थोडकें होतें. मग वाढत गेलें."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलें कीं. तुम्ही म्हणालांत, सोलापुरांत सगळे असेच चालतात."

हे मी म्हणालो असणार. माझ्या बोलण्याची ढब आहे ती.

पुढचे दोन दिवस मी संपावर होतो. चड्डी घातली नाही, आरशासमोर गेलो नाही, कपाटावरचा चकल्यांचा डबा मात्र उठून घेतला. राग कुणाचा ते सांगता येत नव्हतं. घरभर हरवलेली वस्तू शोधावी, बायकोवर ओरडावं, आणि शेवटी कळावं की ती वस्तू आपल्याकडे कधी नव्हतीच, तसं झालं होतं. सर्जन म्हणाला होता, "पाय सरळ करून देतो." मला ते दुकानदार म्हणतात तसं वाटलं होतं, फर्स्ट क्लास करून देतो. आता उजवा पाय खरंच सरळ होता, डावा कंसच होता, आणि परत जायला मागं काही नव्हतं. विळ्यासारखं चालावं, नाहीतर आयुष्यात कधी न चाललेली चाल या वयात मुळापासून शिकावी. तिसरी वाट नव्हती. संपाला मागणीच उरली नाही, म्हणून तो मिटला.

फिजिओथेरपीवालीनं आता वर्ग रस्त्यावर हलवला. सकाळी मला फाटकात उभं केलं, समोर मामींचा ताजा कोलम. "सरळ चला. मधून."

"कोलमवरून?"

"हो. पाय फिरवायचा नाही, कडेनं जायचं नाही. वाकवायचा, उचलायचा, ठेवायचा."

मी नाही म्हणालो. चालीचं काहीही होवो, दुसऱ्याच्या दारची रांगोळी मी तुडवणार नाही. आमच्याकडे हे संस्कार असतात, असं मी माझ्या तमिळमध्ये सांगितलं. माझी तमिळ म्हणजे क्रियापद नसलेली तमिळ, त्यामुळे ऐकायला ती फार ठाम वाटते. त्या मुलीला काही उमगेना. तिनं मामींना हाक मारली.

मामी आल्या, तिचं ऐकलं, माझं ऐकलं, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोलमवर पाय ठेवायचा नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? समजतं ना."

"काय समजतं? कोलम काय कपाटात ठेवायला काढतात? पीठ मुंग्यांनी खायचं, रेघा माणसांनी पुसायच्या. संध्याकाळी तो जसाच्या तसा राहिला तर घरात दिवसभर कुणी आलं-गेलं नाही असा अर्थ. अशुभ ते."

"पण तुम्हीच साप म्हणालात!"

"पाय ओढत होतात म्हणून म्हणाले. ओढू नका, उचला. आणि नंतर तुम्ही ते असं असं करायला लागलात" — आणि मामींनी, या वयात, नऊवारी सावरून माझा विळा हुबेहूब फिरवून दाखवला — "तेव्हा मला वाटलं ऑपरेशनमध्ये काहीतरी चुकलं. कीव आली, म्हणून बोलले नाही."

म्हणजे ती मान कौतुकानं डोललीच नव्हती. ज्या कोलमला वाचवण्यासाठी मी माझी कंबर पणाला लावली, तो कोलम तुडवला जायची वाट बघत होता. आणि नुसती ही मार्गळी नव्हे. इतकी वर्षं मी त्या स्कूटरच्या फटीतून अंग चोरत गेलो, चार शर्टांच्या बाह्या भिंतीतल्या खिळ्याला फाडल्या. मी वर बघून बायकोला म्हटलं, "तू तरी सांगायचंस!"

गॅलरीतून उत्तर आलं, "मला वाटलें तुम्हांला भिंत आवडतें."

मी डोळे मिटले, धपाट्यासाठी पाठ तयार ठेवली आणि कोलमच्या ऐन मध्यावर पाय ठेवला. टाच, तळवा, बोटं. मामी वाकून बघायला लागल्या. "टाच कळते," त्या म्हणाल्या. "बोटांशी अजून थोडी शेपटी आहे." तेव्हापासून रोज सकाळी फिजिओथेरपीवालीच्या आधी मामीच परीक्षा घ्यायच्या, पिठातली पावलं बघून.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. पण एका माणसात तीन चाली नांदायला लागल्या. घरातून निघायचो तो नव्या चालीनं, आतल्या आत "टाच, तळवा" म्हणत. भाजीवालीपाशी ओळखीचं कुणी भेटून "कसे आहात" म्हणालं की उत्तर देण्यात लक्ष जायचं आणि पुढं विळा सुरू. दमून परत येताना विळाही झेपायचा नाही, मग होडी. एकदा देवळाजवळ माझ्याच वयाच्या एका गृहस्थांनी माझ्या मागं मागं चालत येऊन विचारलं, "आपण तिघं भाऊ आहात का?" थट्टा होती की चौकशी ते मी विचारलं नाही. घरी येऊन काठी आपटली, अर्धी चड्डी खिडकीतून फेकीन म्हणालो, आणि कॉफी प्यायलो. बायको म्हणाली, "फेका कीं. मामींच्या अंगणांत पडेल. वाळत घालायला बरें." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चड्डी, तोच आरसा, तीच मुलगी, तेच व्हेरी गुड. सुधारणा होते ती इतकी हळू, की ज्याची होते त्याला ती सोडून बाकी सगळं दिसतं.

पोंगल होऊन गेला. कोलम पुन्हा पाटाएवढे झाले. उन्हाची तलखी सुरू झाली होती अशा एका सकाळी मी दूध घेऊन परत आलो, जिना चढलो, एक पायरी एक पाऊल, आणि दारापाशी पोचलो. आतून आवाज आला, "यारु?"

यारु म्हणजे कोण. हा तिचा परक्यांसाठीचा आवाज, पार्सल घेऊन येणाऱ्यांसाठीचा. मी मागं वळून पाहिलं, जिन्यात कुणी नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्या मागं कोण आहे ते बघायला लागली. "तुम्ही आहांत? पायांचा आवाज वेगळा आला कीं. मला वाटलें कुरियर."

लग्न झाल्यापासून मी जिन्यावर पाय ठेवला की ही आत कॉफीचं पातेलं ठेवते. मी वर येऊन चपला काढेपर्यंत कॉफी तयार. ती माझ्या वेळेचा इतका अंदाज कसा ठेवते, याचं मला नेहमी नवल वाटायचं. ती वेळेचा अंदाज ठेवतच नव्हती. होडी लागल्याचा आवाज ऐकत होती. आज शेगडी थंड होती.

मी फिजिओथेरपीवालीला फोन करून सांगितलं तर ती पलीकडून किंचाळली. मामींना जिन्यातूनच बातमी कळली, त्यांनी केळी पाठवली. सगळ्यांना आनंद झाला. मी कॉफीविना खुर्चीवर बसलो होतो आणि मला काही केल्या हसू येत नव्हतं.

"खाली जाऊन पुन्हा येऊ का?" मी विचारलं. "जुन्यासारखा?"

"नको," ती पातेलं ठेवत म्हणाली. "मी शिकेन कीं हळूहळू."

मी शिकलो त्याच वेगानं ती शिकते आहे. दुसऱ्या दिवशीही यारु, त्यानंतरही यारु. एका सकाळी वैतागून मी दाराबाहेरूनच म्हणालो, "कुरियर!" तर ती सही करायला पेन घेऊन आली.